पाव अंगठा

“आधी डोळा लावा, मग काय ते बोला,” असं म्हणत दुकानदाराने ती लांबलचक लेन्स नानांच्या कॅमेऱ्यावर बसवली आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

नानांचा हात खालीच गेला. त्यांची जुनी लेन्स कॅमेऱ्याच्या खोक्यातून कॅमेऱ्यासोबतच आलेली, प्लास्टिकची, असून नसल्यासारख्या वजनाची. ही चांगली भरल्या किटलीएवढी जड होती. दोन्ही हात लावल्याशिवाय डोळ्यापर्यंत येईना. दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडची चार मजली इमारत दिसत होती. नानांनी तिच्या छपराखालच्या कडेवर नेम धरला, लेन्सचं कडं फिरवलं आणि वरच्या गिलाव्यातली भेग सरसर खाली उतरून त्यांच्या नाकाशी आली. भेगेत अडकलेलं कबुतराचं पीससुद्धा दिसलं.

“कुठे पोचलात?” दुकानदाराने विचारलं.

“चौथ्या मजल्यावर.”

“आणि पाय?”

“पाय इथेच आहेत,” नाना म्हणाले आणि त्यांना हसू आलं. त्या दिवसातलं ते पहिलंच.

नाना जुन्या इमारतींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्यात फोटो काढत. बावीस वर्षं हेच काम. भिंतीला, तुळईला, जिन्याला तडा गेला की त्याचा फोटो काढायचा, सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन काढायचा, आणि तडा वाढला की नाही ते लिहून द्यायचं. माणसाचा फोटो त्यांनी खात्यासाठी एकही काढला नव्हता. नातेवाईक कधी म्हणत, नाना, आमचाही एखादा काढा की. तर नाना म्हणत, तुम्हाला तडा गेला की बोलवा, लगेच येतो.

या कामात जिने फार. ज्या इमारतींना तडे जातात तिथली लिफ्ट बंद असते, हे ठरलेलंच. आणि गेली सहा वर्षं नानांच्या गुडघ्यांत संधिवाताने जो मुक्काम ठोकला होता तो हलायचं नाव घेत नव्हता. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ते तीनदा कठड्याला टेकत आणि कुणी पाहिलंच तर कठड्याची तपासणी चालल्यासारखं करत. लेन्सही त्यांच्याबरोबरच थकली होती. तिचं कडं इतकं सैल झालं होतं की कॅमेरा जरा खाली झुकवला की ती आपोआप बाहेर लोंबायची. नानांनी तिला रबरबँड घालून ठेवला होता. नवी लेन्स द्या, असा अर्ज ते आठ वर्षं करत होते. निवृत्तीला चार महिने उरले तेव्हा कुठे खात्याला जाग आली. मंजुरी एकाच लेन्सची होती. कुठली हवी आणि का हवी, हे एका कागदावर लिहून आज पाच वाजेपर्यंत इंजिनिअर मॅडमच्या टेबलावर ठेवायचं होतं.

तो कागद नानांच्या खिशात होता. “का हवी” याच्यापुढे काय लिहायचं ते त्यांचं ठरूनही गेलं. खाली उभं राहून काम होतं. बास. चार महिने रस्त्यावर नाहीतर जिन्याच्या तळाशी उभं राहून फोटो काढायचे आणि धडधाकट पायांनी नाही तर निदान चालत्या पायांनी घरी जायचं.

“हीच लिहितो,” ते म्हणाले.

“थांबा हो. एकच मिळणार आहे ना? मग दुसरीही बघून घ्या, नाहीतर नंतर मला शिव्या घालाल.” दुकानदाराने लांब लेन्स काढून तिथे एक बुटकी, जाड लेन्स बसवली. “ही अगदी जवळचं बघणारी. मुंगीच्या पायावरचे केस दाखवते.”

“मुंगीच्या केसांचं मी काय करू?”

“तडे बघा की. दुसरं काय करता तुम्ही?”

काउंटरच्या काचेला एका कोपऱ्यात बारीक चीर गेली होती. नानांनी उजव्या हातात कॅमेरा धरला आणि डाव्या हाताचा अंगठा, न ठरवता, त्या चिरेशेजारी आडवा टेकवला.

हा अंगठा खात्यात सगळ्यांना माहीत होता. त्याची कथा अशी. नाना नोकरीला लागले तेव्हा त्यांना कॅमेऱ्याबरोबर एक छोटी पोलादी पट्टी मिळाली होती. तड्याशेजारी पट्टी ठेवून फोटो काढला की तडा केवढा ते फोटोत कळतं. दुसऱ्याच महिन्यात ती पट्टी नानांच्या हातून निसटून एका बंद लिफ्टच्या खड्ड्यात पडली. नाना घाबरत घाबरत तेव्हाच्या मोठ्या इंजिनिअरसाहेबांपुढे उभे राहिले. साहेब थंड डोक्याचा माणूस. त्यांनी खणातून मोजायचा चिमटा काढला, नानांच्या डाव्या अंगठ्याला सांध्यापाशी लावला, वाचला आणि म्हणाले, “बरोबर वीस मिलिमीटर. आता हाच ठेवत जा. हा हरवणार नाही.” रजिस्टरच्या पहिल्या पानावर त्यांनी तसं लिहूनही ठेवलं. प्रमाण : छायाचित्रकाराचा डावा अंगठा, सांध्यापाशी २० मि.मी.

तेव्हापासून खात्यातले सगळे तडे अंगठ्यात मोजले जात. अर्धा अंगठा म्हणजे दहा, पाव अंगठा म्हणजे पाच. मधल्या काळात तीन इंजिनिअर बदलून गेले, तिघांनीही हे कोष्टक पाठ केलं. नवी पट्टी कुणी मागवली नाही आणि कुणी दिली नाही. खात्यातले लोक नानांना अंगठेबहाद्दर म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर. नानांना त्याचा राग आला नाही. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच वाटे, कारण शेकडो फाइलींत त्यांचा चेहरा कुठे नसला तरी अंगठा होता.

“अंगठा कशाला?” दुकानदार म्हणाला. “पट्टी ठेवतो थांबा, म्हणजे रेघा कशा सुईसारख्या दिसतात ते कळेल.” त्याने खणातून पोलादी पट्टी काढली आणि नानांच्या अंगठ्याच्या बरोबर खाली सरकवली. “हं, काढा.”

नानांनी फोटो काढला. मागच्या पडद्यावर तो मोठा करून दुकानदाराने त्यांच्यापुढे धरला. रेघा खरोखरच सुईसारख्या होत्या. नाना कौतुकाने बघत राहिले आणि बघता बघता, काही करायचं म्हणून, त्यांनी अंगठ्याखालच्या रेघा मोजल्या. चोवीस.

त्यांनी पुन्हा मोजल्या. मग पट्टी उचलून उजेडात धरली.

“ही पट्टी बरोबर आहे ना?”

“पोलादी आहे साहेब. ती कशाला चुकेल?”

“दुसरी आहे का?”

दुकानदाराने दुसरी दिली. नानांनी अंगठा त्या पट्टीवर ठेवला. मग काढून, चोळून, पुन्हा ठेवला. दुसऱ्या पट्टीनेही चोवीसच सांगितले. नानांनी अंगठा डोळ्यांजवळ आणला. सांधा सुजून गोटीसारखा झाला होता. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. तो रोज सकाळी ठणकायचा आणि रोज सकाळी ते त्याला शिव्या द्यायचे. पण सुजणं म्हणजे रुंद होणं, आणि रुंद होणं म्हणजे वीस न राहणं, हा हिशेब बावीस वर्षं तडे मोजणाऱ्या माणसाच्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

“काय झालं? बसा जरा,” दुकानदार म्हणाला. त्याने स्टूल पुढे केलं.

नाना बसले. त्यांच्या डोळ्यांपुढे सोमवारी पाहिलेला जिना उभा राहिला. तीन मजली इमारत, दुसऱ्या मजल्याच्या चौकावरची तुळई, तिच्यातला तडा. अकरा वर्षं ते त्याचा फोटो काढत होते आणि अकरा वर्षं लिहीत होते, पाव अंगठा, पाच मिलिमीटर, वाढ नाही. सहा मिलिमीटर झाला की जिना बंद करून टेकू लावायचे, असा खात्याचा नियम. सोमवारीही त्यांनी तेच लिहिलं होतं. पाव अंगठा. वाढ नाही. तो कागद मॅडमच्या टेबलावर सहीसाठी पडला असणार. आणि पाव अंगठा आता पाच नव्हता. तडा आणि अंगठा दोघं मिळून, एकमेकांच्या बरोबरीने, हळूहळू वाढत गेले असले तर फोटोत वाढ दिसणार कशी?

तेवढ्यात दुकानदाराने लांब लेन्स उचलून पुसली आणि परत पेटीत ठेवायला घेतली. नानांच्या मनात एक विचार येऊन गेला. ही लेन्स घेतली तर दोन्ही हात लेन्सला लागतील. अंगठा फोटोतून आपोआप बाद. चार महिने असेच जातील, आणि नंतर जुन्या फोटोंतला अंगठा मोजायला कोण बसतंय. विचार आला तसाच काही क्षण थांबलाही. नानांना स्वतःची लाज वाटली, पण आला होता हे खरं.

“ही पट्टी आजच्या दिवस नेऊ का?” त्यांनी विचारलं.

“न्या. पण लेन्सचं काय ठरलं?”

“सांगतो,” म्हणून नाना उठले.

सोमवारच्या त्या जिन्याचे दोन मजले चढायला त्यांना त्या दुपारी किती वेळ लागला कोण जाणे. दुसऱ्या मजल्याच्या चौकात, बरोबर त्या तुळईखाली, शिवणकाम करणाऱ्या ताई मशीनवर बसल्या होत्या. साठीच्या असतील. एका खोलीत एकट्या राहायच्या. गळ्यात मापाची फीत, तोंडात दोन टाचण्या. नाना अकरा वर्षं येत होते, पाणी त्यांच्याकडेच प्यायचे.

टाचण्या काढून ताई म्हणाल्या, “सोमवारी तर येऊन गेलात. काय विसरलात? आणि काय म्हणतोय आमचा तडा?”

दर वेळी हाच प्रश्न आणि दर वेळी नानांचं उत्तर, आहे तिथंच आहे. आज त्यांनी उत्तर दिलं नाही. धाप लागली होती, ते निमित्त झालं. कोपऱ्यातलं स्टूल त्यांनी ओढलं, त्यावर चढायला कठड्याला धरून दोनदा झोके घेतले, आणि पट्टी तड्यावर आडवी धरली.

सहा पूर्ण. सातव्या रेघेच्या जरासा अलीकडे. पावापेक्षा जे थोडं जास्त दिसायचं ते नाना दर वेळी फोटो तिरका आला असेल म्हणून सोडून द्यायचे, तेही यात आलं.

ते स्टुलावर तसेच उभे राहिले. खाली मशीन चालू झालं. एक बाही शिवून झाली, मशीन थांबलं.

“तुम्ही मशीन इथे कधीपासून मांडलंत?” नानांनी वरूनच विचारलं.

“दोन वर्षं झाली की. आत अंधार आहे, सुई दिसत नाही. तुम्हाला विचारूनच तर आणलं. तुम्ही म्हणालात, वाढत नाही, बसा खुशाल.”

नानांना ते आठवलं. तेव्हा पाणी पिता पिता बोलले होते. ते खाली उतरले, स्टुलावरच बसले आणि पट्टी खिशात घालू लागले. ती खिशात जाईना, कारण अंगठा नीट वळत नव्हता. ताई बघत होत्या.

“आज अंगठा नाही लावलात,” त्या म्हणाल्या. “पट्टी आणलीत.”

“अंगठ्याचं माप बदललंय, ताई. वीसचा होता, चोवीसचा झाला. मला कळलंच नाही.”

ताईंनी गळ्यातली फीत सहज बोटाला गुंडाळली. “गिऱ्हाईकं येतात ना, ती सगळी आपलं जुनंच माप सांगतात. लग्नाच्या वेळचं. खोटं बोलत नाहीत हो, त्यांना तेच आठवत असतं. मी हो म्हणते आणि फीत लावते.”

“माझीच फीत लावायची राहिली.”

“म्हणजे तडा वाढलाय?”

“वाढलाय. आज नाही वाढला, आधीपासूनच वाढत होता. मीच चुकीचा लिहीत आलो.” त्यांनी मान वर केली नाही. “मशीन इथून हलवायला हवं. आत्ता. उद्या नाही. आणि उद्यापासून हा जिना बंद होईल, मागच्या लोखंडी जिन्याने जावं लागेल.”

त्यांना वाटलं, आता ताई बोलतील. बोलायलाच हवं होतं. दोन वर्षं त्या बाईला आपण तुळईखाली बसवून ठेवलं. पण ताईंनी फक्त वर तड्याकडे पाहिलं. मग मशीनखालची चिंधी उचलली, धाग्याची रिळं पदरात घेतली आणि म्हणाल्या, “ती बाजू धरा.”

मशीन लोखंडी पायांचं, जुन्या बनावटीचं होतं. दोघांनी धरून, चार चार पावलांवर टेकवत, ते आत नेलं. नानांच्या अंगठ्यातून खांद्यापर्यंत कळ गेली, पण त्यांनी सोडलं नाही. खोलीत एकच खिडकी होती आणि ती शेजारच्या भिंतीवर उघडत होती. ताईंनी दिवा लावला, सुई खालीवर करून बघितली आणि बंद केला.

“इथे काळ्यावर काळं दिसायचं नाही,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “पाणी घ्या.”

नानांना पाणी नको होतं. त्यांनी ते सगळं प्यायलं.

मॅडमच्या खोलीत नाना पोचले तेव्हा पाचाला दहा मिनिटं होती. मॅडम वयाने नानांच्या लेकीएवढ्या. टेबलावर फाइलींची चळत, शेजारी सकाळचा तसाच राहिलेला डबा. त्या डोळे चोळत होत्या.

“लेन्सचा कागद आणलात, काका? द्या. सही करून मोकळी होते.”

“मॅडम, आधी त्या जिन्याच्या कागदावर सही केलीत का?”

“कुठला जिना? हा? आत्ताच करणार होते.”

“करू नका,” नाना म्हणाले आणि त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला, पट्टी त्याच्याखाली सरकवली. जास्त काही सांगावं लागलं नाही. मॅडम वाकल्या, रेघा मोजल्या, त्यांच्याही नकळत त्यांनी दोनदा मोजल्या. मग कपाटातून जुनं रजिस्टर काढलं आणि पहिलं पान उघडलं. साहेबांचं ते वळणदार अक्षर तसंच होतं.

“तीन वर्षं मी हे बघतेय,” मॅडम म्हणाल्या. “एकदाही विचारलं नाही मी, की अजून वीसच आहे का म्हणून.”

“विचारणार कसं. माझा अंगठा. मला माहीत असायला हवा होता.”

“जिना किती?”

“साडेसहाच्या पुढे. सात नाही.”

मॅडमनी फोन उचलला आणि टेकू लावणाऱ्या माणसांना उद्या पहाटेच यायला सांगितलं. फोन ठेवून त्यांनी कागद पुढे ओढला. “आपल्या यादीत किती इमारती आहेत?”

“एकशे चौदा.”

“सगळ्या पुन्हा मोजायच्या. पट्टीने.” त्यांनी नानांच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. “आणि जुने फोटो दुरुस्त करायचे तर अंगठा कधीपासून सुजायला लागला ते हवं. साधारण वर्ष तरी. आठवतं?”

नानांना आठवेना. आपल्याच हाताचा अंगठा, आणि तारीख सांगता येईना. मॅडमनी कागदावर ती जागा कोरी सोडली. त्यांनी रागावायला हवं होतं, असं नानांना फार वाटलं. रागावल्या असत्या तर आपणही काहीतरी बोललो असतो.

“लेन्सचं उद्या सकाळी सांगा,” मॅडम म्हणाल्या. “तेवढं मी सांभाळून घेते.”

घरी आल्यावर बायको नेहमीप्रमाणे पुढे झाली आणि तिने नानांच्या शर्टाच्या बाहीचं बटण काढलं. आधी उजव्या बाहीचं. डाव्या बाहीचं नानांना उजव्या हाताने जमायचं, पण तेही तीच काढायची. सवय झाली होती. आज नानांनी तिचा हात धरला.

“हे बटण तू कधीपासून काढतेस?”

“का? आज काय नवीन?”

“सांग तरी.”

“लेक शिकायला परगावी गेली त्या वर्षापासून. तिला सोडायला निघालो होतो, तुमचं बटण लागेना, गाडी चुकेल म्हणून तुम्ही मलाच ओरडलात.” ती हिशेब करत म्हणाली, “सहा वर्षं झाली. पुढच्या वर्षी बरणीची झाकणं उघडेनाशी झाली तुमच्याकडून. मग चावी फिरवायचं बंद झालं.”

नाना खाली बसले. जे रजिस्टरमध्ये असायला हवं होतं ते सगळं हिच्याकडे वर्षवार होतं.

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“नाही कसं? डॉक्टरकडे चला म्हणून जीव काढला मी. तुम्ही म्हणालात, फोटो काढायला अंगठा कुठे लागतो.”

नानांना हसू येईना आणि दुसरंही काही येईना. त्यांनी तिला सगळं सांगितलं. दुकान, पट्टी, ताईंचं मशीन. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता गरम पाण्याचं पातेलं त्यांच्यापुढे सरकवून तिने त्यांचा हात त्यात बुडवला.

“तुम्ही तर ती लांबून बघायची लेन्स घेणार होतात. खाली उभं राहून काम होणारी. महिनाभर तेच चाललं होतं तुमचं.”

“लांबून पट्टी कशी लावणार?”

“म्हणजे जवळची घेणार.”

“हो.”

“एकशे चौदा इमारती.”

“हो.”

“आणि जिने कोण चढणार? मी?” ती चिडली होती. नानांना ते बरं वाटलं. दिवसभरात कुणीतरी चिडलं. तिने पाण्यात आणखी गरम पाणी ओतलं, जरा जास्तच गरम, आणि म्हणाली, “दिवसाला एकच. दोन केल्यात तर बघा.”

जवळचं बघणारी ती बुटकी लेन्स बारा दिवसांनी आली. तोवर जिन्याला टेकू लागले होते. तुळईखाली सहा लोखंडी खांब उभे राहिले आणि चौकात फळ्या ठोकल्या गेल्या. बाकीचे भाडेकरू मागच्या जिन्याने जाऊ येऊ लागले. ताईंची बरीचशी गिऱ्हाईकं वयस्कर होती, त्यांना तो लोखंडी जिना झेपेना. ताई आता दुपारी मशीन खिडकीजवळ ओढतात, नुसते पांढरे कपडे घेतात, असं टेकूवाल्यांनी येऊन सांगितलं. नाना तिकडे गेले नव्हते. जायचं होतं, पण काय म्हणून जायचं ते ठरत नव्हतं.

नव्या लेन्सचा पहिला फोटो मॅडमच्या टेबलावर काढायचा होता. जुन्या प्रत्येक फाइलीत एक पुरावा लागणार, की मागच्या फोटोंत वीसचा धरलेला अंगठा आता एवढा आहे. मॅडमनी खिडकी उघडली, पांढरा कागद पसरला, त्यावर खात्याची नवी पोलादी पट्टी ठेवली. ती पट्टी मॅडमनीच मागवली होती. आता ती एका दोरीने कॅमेऱ्याच्या पट्ट्याला बांधलेली असायची.

“ठेवा काका,” त्या म्हणाल्या.

नानांनी डावा हात कागदावर ठेवला. कॅमेरा उजव्या हाताने डोळ्याला लावला. जुन्या लेन्समधून दिसायची ती नुसती एक गुलाबी पट्टी असायची, तड्याच्या शेजारी, जराशी धूसर. आज त्यांना नखावरच्या उभ्या रेघा दिसल्या. सांध्यावरची ताणलेली, चकचकीत कातडी दिसली. नखाच्या मुळाशी चुन्याचा एक पांढरा ठिपका होता, कुठल्या भिंतीचा कोण जाणे, आणि एका बाजूला जुनी बारीक खूण, शिडी घसरली होती तेव्हाची. बावीस वर्षं हा अंगठा रोज समोर होता आणि नानांनी कधी त्याचा फोटो काढला नव्हता. तो नेहमी दुसऱ्या कशाच्या तरी फोटोत असे.

“स्थिर,” मॅडम म्हणाल्या, तड्याच्या फोटोला म्हणावं तसं.

नानांनी श्वास रोखला आणि फोटो काढला.

एकशे चौदा प्रती छापून आल्या. प्रत्येकीखाली एकच ओळ होती. प्रमाण रद्द. सहा वर्षांत २० चे २४ मि.मी. खाली नानांची सही आणि मॅडमची सही. शिपाई म्हणाला, मी चिकटवतो नाना, तुम्ही बसा. नाना म्हणाले, राहू दे. खात्यात त्या दिवशी त्यांना अंगठेबहाद्दर कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी चाललं असतं.

पहिली फाइल जिन्याची होती. नानांनी ती उघडली. आत अकरा वर्षांचे फोटो ओळीने लावलेले होते, प्रत्येकात तोच तडा आणि त्याच्या कडेला अंगठा. सुरुवातीचा बारीक, सरळ. शेवटचा गाठाळलेला. एकामागून एक बघत गेलं की कुणालाही दिसलं असतं. नाना शेवटच्या पानावर आले, नव्या फोटोच्या मागे डिंक लावला, फोटो सरळ धरून पानावर टेकवला आणि डाव्या अंगठ्याने त्याचे चारही कोपरे एकेक करून दाबले. सांधा दुखला. डिंक धरेपर्यंत त्यांनी तो तसाच दाबून ठेवला, मग दुसरी फाइल पुढे ओढली.